खडूची खूण

आमच्या केंद्रात आठशे एक्केचाळीस पाहुणे राहतात. एकही जेवत नाही, एकही पंखा वाढवा म्हणत नाही, आणि आज नऊ वर्षं झाली तरी कुणी घरी जायचं नाव काढलेलं नाही. ते सगळे कॉम्प्युटरमध्ये आहेत. प्रत्येकाला बरगड्या आहेत, हृदय आहे, आणि मिनिटाला चौदा वेळा फुगणारी-मिटणारी फुप्फुसं आहेत. पहिल्या वर्षी कुणीतरी गमतीनं त्यांना पाहुणे म्हणालं आणि तेच चिकटलं. आता सरकारी पत्रातसुद्धा कधी कधी 'पाहुणा क्र. ३१' असं जातं आणि मुंबईहून फोन येतो, की हे कोण.

मी शैलजा होगाडे. वय चोपन्न. लग्न केलं नाही, त्याची कारणं या गोष्टीत नाहीत. केंद्रातलं माझं पद बरंच लांबलचक आहे, ते सोडा. काम एवढंच, की पाहुण्यांची फुप्फुसं तयार करायची.

इचलकरंजीत आमच्या गल्लीत मला हमखास विचारतात, खरी माणसं संपली होती का, म्हणून खोटी करायला बसलात? प्रश्न वाजवी आहे. छातीचा स्कॅन करताना मशीन अंगातून क्ष-किरण आरपार सोडतं. किरण जास्त सोडले की चित्र स्वच्छ येतं, पण जास्त किरण अंगाला बरे नाहीत. समजा कुणी कमी किरणांत चालणारी नवी पद्धत काढली. ती चांगली की वाईट हे ठरवायला एकाच माणसाला पन्नास वेळा मशीनमध्ये घालावं लागेल. तसं करता येत नाही, केलं तर जेलमध्ये जाल. आणि केलंच, तरी त्याच्या छातीत खरोखर काय आहे हे उघडून बघितल्याशिवाय कुणाला माहीत असतं? मशीन म्हणालं गाठ नाही, तर ती नव्हती म्हणून दिसली नाही, की होती आणि दिसली नाही, हे कशावरून ठरवणार?

पाहुण्याचं तसं नसतं. पाहुणा क्रमांक ३१ च्या उजव्या फुप्फुसात वरच्या भागात मी चार मिलिमीटरची गाठ ठेवली असेल, तर ती तिथं आहेच. त्याला खोट्या मशीनमध्ये झोपवायचं, खोटे किरण सोडायचे, चित्र काढायचं. गाठ दिसली तर पद्धत पास, नाही दिसली तर नापास. दिवसाला दहा हजार स्कॅन केले तरी पाहुणा कुरकुर करत नाही.

आता ही फुप्फुसं आणायची कुठून? हवेतून तर काढता येत नाहीत. जिल्ह्यातल्या दवाखान्यांनी नावं काढून जुने स्कॅन दिले, त्यांवरून आम्ही पाहुणे घडवले. पण आमच्या भागातली फुप्फुसं. कुणाला जुन्या टीबीचा वण, कुणाच्या छातीत सुताची धूळ, कुणाला कसले तरी ढगाळ ठिपके, ज्यांना कडा नाहीत, जे आहेत की नाहीत अशी शंका यावी. अशा फुप्फुसात नवी गाठ ठेवून परीक्षा घेता येत नाही. आधी पाटी कोरी पाहिजे. म्हणून माझं पहिलं काम असायचं पुसायचं. ठिपका काढायचा आणि तिथं शेजारच्या निरोगी भागासारखा पोत भरायचा, असा की तिथं काही होतं हे कुणाला कळू नये. पाच वर्षांत मी असे सुमारे पाच हजार ठिपके पुसले. त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी गर्वानं सांगते. गर्व होताच, नाही कशाला म्हणू.

हा हात मला आईकडून आला. आई घरी मेंडिंगचं काम घ्यायची. यंत्रमागावर विणलेल्या कापडात दोष राहतात. कुठं धागा तुटतो, कुठं गाठ बसते, कुठं एक सूत सुटून लोंबतं. ते कापड तिरप्या टेबलावर पसरायचं, खालून ट्यूबलाइट लावायची, आणि उजेडात दोष दिसला की सुईनं तिथं नवा धागा घालून जागा भरून काढायची. शाळेतून आले की मीही बसायचे. मी डावखुरी. त्यामुळे माझा धागा नेहमी डावीकडून खालून सुरू होऊन उजवीकडे वर तिरपा जायचा. आई म्हणायची, तुझं काम मी अंधारातसुद्धा ओळखीन.

आईची एक पद्धत होती. जिथं दुरुस्ती केली, त्याच्या समोर कापडाच्या किनारीवर ती खडूची एक बारीक रेघ ओढायची. व्यापाऱ्याला ते आवडायचं नाही. तो म्हणायचा, इतकं छान भरलंय, आता कशाला गाजावाजा? आई म्हणायची, "भरलंय हे घेणाऱ्याला कळू दे की. धुतल्यावर जागा विसविशीत झाली तर त्यानं कुणाच्या नावानं बोंबलायचं?" तिनं रेघ सोडली नाही.

केंद्रात पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं, की पुसलेल्या जागांची कुठं नोंद ठेवायची का. उत्तर आलं, नको. नोंद राहिली तर मूळ रुग्णाचा माग काढता येईल, नियमात बसत नाही. मी बरं म्हणाले. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. माझी जागा आता कुणालाही सापडणार नव्हती.

माझा भाऊ रामलिंग, आम्ही त्याला अण्णा म्हणतो. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा त्यानं नववीतून शाळा सोडली आणि मागावर उभा राहिला. पुढं जॉबर झाला, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. पस्तीस वर्षं त्या खडखडाटात काढली. कानानं जवळजवळ बहिरा, पण मागाला हात लावला की त्याला कुठं दुखतंय ते सांगायचा. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाले ती त्याच्यामुळे. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दोन हजार अडतीस साली 'झुळूक' आली. झुळूक म्हणजे नवी स्कॅन पद्धत. एक श्वास धरायचा, तेवढ्यात काम झालं. किरण नेहमीच्या दहाव्या हिश्शाइतके. मशीन एका गाडीत मावायचं, गाडी गल्लीत येऊन थांबायची.

एवढ्या कमी किरणांत चित्र धड येत नाही. रवाळ येतं, जुन्या टीव्हीची अँटेना हलली की यायचं तसं. मग त्या चित्राला सावरायला एक प्रणाली लागते. तिला हजारो जोड्या दाखवतात: हे रवाळ फुप्फुस, आणि हे त्याचंच स्वच्छ रूप. बघून बघून ती शिकते, की रवाळ चित्रामागं खरं फुप्फुस कसं असणार, आणि मधल्या जागा स्वतः भरते. तिला शिकवायला रवाळ चित्रं मूळ जुन्या स्कॅनवरून केली आणि स्वच्छ म्हणून आमचे पाहुणे वापरले. शिकल्यावर तिची परीक्षा घेतली तीही पाहुण्यांवरच. मी त्यांच्या छातीत गाठी ठेवल्या, मसुराएवढ्या, मटाराएवढ्या, पुस्तकात असतात तशा गोल आणि घट्ट. शंभरातल्या सत्त्याण्णव तिनं पकडल्या. केंद्रात पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

गाडी आमच्या गल्लीत आली त्या दिवशी अण्णा रांगेत पहिला. आठ दिवसांनी चिठ्ठी आली. तिच्यावर हिरव्या अक्षरात एकच शब्द होता, 'स्वच्छ', आणि खाली, पुढची तपासणी तीन वर्षांनी. अण्णानं ती लॅमिनेट करून चौडेश्वरी देवीच्या फोटोशेजारी लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. "हे मशीन आमच्या शैलानं पास केलंय. पस्तीस वर्षं सूत खाल्लं, तरी बघा, स्वच्छ."

त्याच आठवड्यात वहिनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही एकदा तो फोटो बघाल का? तुमच्या डोळ्यांनी. पहाटे खोकतात हो ते."

मी म्हणाले, "वहिनी, माझ्या डोळ्यांपेक्षा मशीनला चांगलं दिसतं. सुताचा खोकला आहे, सगळ्या गल्लीला आहे."

वहिनी बरं म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

दोन वर्षं गेली. खोकला होताच, त्यात अण्णाचं वजन उतरायला लागलं. डॉक्टरकडं चल म्हटलं की तो भिंतीवरच्या चिठ्ठीकडं बोट दाखवायचा. "अजून एक वर्ष आहे की. तारीख लिहिलीय." वहिनींनी दोनदा मला फोन केला. दुसऱ्या फोनवर त्यांनी काही मागितलं नाही, नुसतं सांगितलं, की काल पायऱ्या चढताना ते मध्येच बसले.

मग मी केंद्रात त्याच्या चिठ्ठीचा नंबर टाकून त्याचं चित्र उघडलं. वहिनींची समजूत घालायला काहीतरी हाताशी असावं, एवढाच विचार होता.

चित्र सुंदर होतं. मी जरा वेळ कौतुकानंच बघितलं. मग मला काहीतरी खटकलं. पस्तीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाचं फुप्फुस इतकं नितळ असत नाही. माझं स्वतःचं नाही, आणि मी तर एसीत बसते. उजव्या बाजूला वरच्या भागात मी चित्र मोठं केलं. तिथला पोत डावीकडून खालून निघून उजवीकडं वर तिरपा गेला होता.

तो माझा हात होता. आईनं अंधारात ओळखला असता तो.

मी या चित्राला कधी हात लावलेला नव्हता. पण प्रणालीनं जी स्वच्छ फुप्फुसं बघून धडे घेतले, ती मी पुसलेली होती. तिनं पाच हजार वेळा बघितलं, की रवाळ चित्रात अशी ढगाळ, बिनकडांची जागा दिसली, की स्वच्छ चित्रात तिथं काही नसतं, तिरपा पोत असतो. ती मुकाट्यानं शिकली. गोल घट्ट गाठी ती पकडायची, कारण त्या आम्ही तिच्या परीक्षेत ठेवल्या होत्या. ढगाळ ठिपका परीक्षेत एकही नव्हता. ठेवणार कोण? मीच तर ते सगळे काढले होते.

भरण्याआधीचं कच्चं मोजमाप साठवलेलं असतं. ते काढून मी जुन्या गणिती पद्धतीनं चित्र बनवलं. ती पद्धत हळू आहे, चित्र ओबडधोबड येतं, पण ती पदरचं काही घालत नाही. तासाभरानं चित्र आलं. उजवीकडं वर, त्याच जागी, बोराएवढा ढग होता, दोन वर्षांपूर्वीचा.

मी चिठ्ठीचा नंबर परत टाकून बघितला. तोच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाकडं गेले. तो अंगणात खुर्चीवर बसून पेपर वाचत होता. जवळ बसून मी सगळं सांगितलं, पाहुणे, पुसणं, प्रणाली. ऐकू यावं म्हणून मोठ्यानं सांगावं लागत होतं, त्यामुळे शेजारच्या दोन घरांनीही ऐकलं असणार. वहिनी दारात उभ्या होत्या.

अण्णानं पेपराची घडी घातली. "म्हणजे मशीननं मेंडिंग केलं म्हण की."

"हो."

"तुझं बघून."

"हो अण्णा. माझं बघून."

"आणि खडू?"

"नाही लावला."

त्यानं घडी घातलेला पेपर खुर्चीखाली ठेवला. मग आत बघून म्हणाला, "अगं, ऐकलंस का? मिरजेला जायचंय. इस्त्रीचा शर्ट काढ." वहिनी आत गेल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

मिरजेतल्या एका जुन्या हॉस्पिटलात त्याचा पूर्ण किरणांचा स्कॅन केला, सुई घालून तुकडा काढला. डॉक्टर तरुण होत्या, नीट बोलल्या. कॅन्सर होता. बोराचा आता लिंबू झाला होता आणि तो छातीच्या मधल्या लसिकाग्रंथींपर्यंत पसरला होता. ऑपरेशन करता येणार नव्हतं. औषधं होती, पूर्वीपेक्षा बरी होती, त्यांनी वर्ष-दीड वर्ष मिळेल. वहिनींनी विचारलं, दोन वर्षांपूर्वी दिसलं असतं तर? डॉक्टर माझ्याकडं बघत नव्हत्या, त्यांना माहीत नव्हतं मी कोण ते. त्या म्हणाल्या, तेव्हा तेवढा भाग काढून टाकला असता, बहुतेक तिथंच संपलं असतं.

परतीच्या गाडीत अण्णानं मला विचारलं, "आपल्या गल्लीत किती जणांना हिरवी चिठ्ठी मिळालीय?"

"गल्लीत दोनशेवर. जिल्ह्यात शहात्तर हजार."

"मग इथं माझ्याजवळ बसून काय करायलीस?"

आमचे संचालक डॉ. मंदार बोडस. पुण्याचे, हुशार, मनानं वाईट नाहीत. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून बघितली. मग म्हणाले, "शैलजाताई, प्रणाली आपण आजच थांबवू. नवी शिकवू. जुनी मोजमापं परत तपासू. पण जाहीर काही नको, निदान सहा महिने. या गाडीनं नऊशे लोकांचा आजार वेळेत पकडलाय, ज्यांनी जन्मात स्कॅन केला नसता. लोकांचा विश्वास उडाला तर पुढं कुणी गाडीत चढणार नाही. त्यात किती मरतील, त्याचा हिशेब कोण करणार?"

हे खोटं नव्हतं. मी बोडसांना राक्षस करून सांगितलं तर मला बरं वाटेल, पण ते तसे नाहीत. त्यांचं गणित बरोबर होतं. फक्त त्या गणितात माणसं भिंतीवरच्या चिठ्ठीकडं बोट दाखवून सहा महिने खोकत बसणार होती.

"सर, माझा भाऊ डॉक्टरकडं का गेला नाही माहितीय?" मी म्हणाले. "चिठ्ठी होती म्हणून. चिठ्ठी नसती तर तो कधीच गेला असता. आपण नुसतं बघायला चुकलो नाही, आपण त्याला घरी बसवलं."

"नियमाप्रमाणे तुम्हाला बाहेर बोलता येणार नाही."

"काढून टाका मग. पण रविवारी मी गल्लीत बोलणार आहे. तुम्ही आलात तर बरं दिसेल."

रविवारी चौडेश्वरीच्या देवळाच्या सभागृहात तीनशे माणसं जमली. मी चित्रं पडद्यावर लावली आणि जे झालं ते सांगितलं. चूक मशीनची म्हटलं नाही, केंद्राची म्हटलं नाही, माझी म्हटलं, आणि कशी ते मेंडिंगवरून समजावलं. तिथं बसलेल्या निम्म्या बायकांनी मेंडिंग केलेलं. एकाही बाईला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. एक म्हातारी उठून म्हणाली, "तुझ्या आईनं असं केलं नसतं." मी म्हणाले, "नाही केलं कधी." एका माणसानं आपली हिरवी चिठ्ठी माझ्या पायाशी टाकली. मग बऱ्याच जणांनी टाकल्या. बोडस आले होते, मागच्या रांगेत होते. शेवटी ते पुढं आले आणि चिठ्ठ्या गोळा करू लागले, मला वाटतं त्यांना दुसरं काय करावं ते सुचलं नाही. चौथ्या दिवशी केंद्राचं जाहीर पत्रक निघालं. मला काढलं नाही. माझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाला नव्हता, आणि आता उलटं काम करायचं होतं.

कच्ची मोजमापं सगळी जपून होती, म्हणून कुणाला परत किरण द्यावे लागले नाहीत. शहात्तर हजार चित्रं जुन्या हळू पद्धतीनं बनवायला अकरा आठवडे लागले. त्यांतली चारशे अकरा माणसं पुढच्या तपासणीला बोलावली. सत्तावन्न जणांना खरोखर आजार निघाला. चव्वेचाळीस वेळेत सापडले. उरलेल्या तेरा जणांत अण्णा.

पाहुण्यांचं काम मी नव्यानं मांडलं. आता त्यांची फुप्फुसं कोरी करत नाही. वण, धूळ, ढग, जे आहे ते तसंच ठेवते. अण्णानं स्वतःचा मिरजेचा स्कॅन दिला आणि सही करताना बजावलं, "एवढा तरी पुसू नकोस." आधीचे सहाशे चाळीस, म्हणून तो पाहुणा क्रमांक ६४१. त्याच्यासारखे आणखी दोनशे घातल्यावर झुळुकीची परत परीक्षा घेतली. सत्त्याण्णव मिळवणाऱ्या प्रणालीला त्रेपन्न मिळाले.

नव्या प्रणालीत मी एक गोष्ट हट्टानं घालायला लावली. जिथं जिथं ती अंदाजानं जागा भरते, तिथं समोर चित्राच्या कडेला एक पांढरी बारीक रेघ उमटते. बोडस म्हणाले, डॉक्टरांना त्रास होईल, प्रत्येक चित्रावर दहा-पंधरा रेघा. मी म्हटलं, होऊ दे. कागदोपत्री तिला अनिश्चितता-दर्शक म्हणतात. केंद्रात सगळे खडू म्हणतात. चिठ्ठीवरचा हिरवा शब्दही गेला. आता तिथं छापतात: 'आम्हाला काही दिसलेलं नाही. त्रास असेल तर वाट बघू नका.'

अण्णा औषधांवर सोळा महिने जगला. शेवटचे चार सोडले तर बरे गेले. मी रोज संध्याकाळी जायचे. तो मला टोचून कधी बोलला नाही, उलट चिडवायचा. "काय म्हणतोय सहाशे एक्केचाळीस? आज किती वेळा झोपवलात त्याला?" मी आकडा सांगायचे. तो म्हणायचा, "बिचारा, त्याला जेवायला तरी घाला." त्याच्यावर मी रागावू शकत नव्हते आणि त्याच्यासमोर रडूही शकत नव्हते, म्हणून घरी येऊन दोन्ही करायचे.

वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या. भांडण नाही, काही नाही. मी गेले की चहा ठेवायच्या, कप माझ्यासमोर न ठेवता ओट्यावर ठेवायच्या. मी तो स्वतः उचलून घ्यायचे. अण्णाच्या दहाव्याला, तेराव्यालाही तसंच. तेराव्यानंतर मी म्हणाले, "वहिनी, काहीतरी बोला. शिव्या द्या." त्यांनी भांडी आवरणं थांबवलं नाही. मी घरी आले. मला त्यांचा राग आला नाही, तो हक्क माझा नव्हता.

गेल्या महिन्यात नव्या झुळुकीची गाडी आमच्या गल्लीत आली. बोडसांना वाटलं होतं तसं कुणी चढणार नाही असं झालं नाही. लोक चढले, पण आता चढताना प्रश्न विचारतात, आणि चित्राची प्रत हातात घेतल्याशिवाय उतरत नाहीत. गाडीवरच्या पोरी वैतागल्या आहेत.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी साडेआठला माझ्या दारावर थाप पडली. वहिनी होत्या. हातात केंद्राचं पाकीट. आल्या, खुर्चीवर बसल्या, पाकीट टेबलावर ठेवलं.

"माझा फोटो आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघा. तुमच्या डोळ्यांनी."

मी चष्मा पुसला. स्कॅनचे आडवे काप, आम्ही पापुद्रे म्हणतो, दोनशे चाळीस होते. पाकिटावरचा नंबर टाकून मी ते घरच्या कॉम्प्युटरवर उघडले आणि वरून खाली एकेक बघत गेले, मग खालून वर परत. कडेला सतरा रेघा होत्या. एकेका रेघेसमोर थांबून मी कच्चं मोजमाप काढलं, ताडून बघितलं. चौदा ठिकाणी प्रणालीनं भरलं ते ठीक होतं. तीन ठिकाणी मला ठरवता येईना. पुन्हा बघितलं. पाऊण तास गेला. मला फार वाटत होतं, की वहिनी, सगळं छान आहे, असं म्हणावं आणि त्यांना चहा द्यावा.

"वहिनी, बाकी ठीक दिसतंय," मी म्हणाले. "पण या तीन ठिकाणी काय आहे, मला माहीत नाही."

वहिनींनी तिन्ही रेघांवर एकेकदा बोट ठेवलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. दीड वर्षानंतर त्या माझ्याकडं सरळ बघत होत्या.

"एवढंच म्हणाला असतात त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "तर मी त्यांना ओढत मिरजेला नेलं असतं."

त्यांनी पाकिटात कागद नीट भरले, पदरानं तोंड पुसलं.

"मिरजेची गाडी किती वाजता आहे?"

"रविवारी ओपीडी बंद असते. उद्या सव्वानऊला आहे. मी येते."

"या," वहिनी म्हणाल्या. "आणि चहा ठेवा आता. सकाळपासून घेतला नाही."

मी दोन कप ठेवले. एक त्यांच्या हातात दिला.